आवडत्या संस्थेला वर्षानुवर्षं कशी साथ देता? अनुभव लिहा

मेथीदाणा
माळा आवरताना बाबांची पत्र्याची पेटी निघाली. आत मनीऑर्डरच्या पोचपावत्यांचा गठ्ठा, रबरबँड वितळून कागदाला चिकटलेला. दरमहा पाच रुपये, महारोगी सेवा समिती, वरोरा. बाबा गिरणीत होते, आनंदवन कधी पाहिलंही नाही. गठ्ठा १९८२ च्या जानेवारीला थांबतो. संप. तुमच्याकडे असं काही?

खडूस_काकू
पाच रुपये गं! आमच्याकडे रद्दीचा डबा. वर्षाचे पैसे अंधशाळेला. आता पेपरच बंद केलाय, डब्यात खडखडाट. मोबाइलची रद्दी कोण घेणार?

टिंगूमास्तर
ऑटो-पे लावून निर्धास्त राहू नका. माझे दरमहा ५०० कार्डावरून जायचे. २०२१ च्या ऑक्टोबरात कार्डांचे नियम बदलले आणि हप्ता बंद. मला पत्ता मार्चमध्ये, करसवलतीसाठी ८०जीची पावती मागायला फोन केला तेव्हा. तिकडच्या ताई म्हणाल्या, "वाटलं तुमची अडचण असेल, म्हणून विचारलं नाही." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निवांत
ही करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत हं. आणि रोख २००० च्या वर दिलेत तर तिथेही नाही.

टिंगूमास्तर
@निवांत सीए का?

निवांत
नाही, बायको आहे. सीए.

जर्सीची_जाऊ
इथलं, परदेशातलं नागरिकत्व घेतलं की आपला पैसा परदेशी. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची परवानगी हवी, आणि २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच जमा व्हावा लागतो. मी साध्या खात्यात पाठवले, त्यांनी परत केले, वर मलाच सॉरी! तेव्हापासून त्यांचा वार्षिक अहवाल इंग्रजीत करून देते. काही वर्षं झाली. "श्रमदान"वर दरवेळी अडते. बरं, पोळ्या लाटायच्यात, पळते.

भाकरतुकडा
दर शनिवारी एका बालगृहात गणित शिकवतो. दिवाळीत फराळाचा पूर येतो, पोरं हात जोडतात, "दादा, चकली नको!" जूनमध्ये चिटपाखरू फिरकत नाही. तेव्हा वह्या हव्यात, छत्र्या हव्यात, खरजेचं मलम हवं. यंदा सोळा जणांना खरूज. सगळ्यांना एकदम लावावं लागतं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आणि फाटके कपडे देणाऱ्यांनो, चेन तुटलेली पँट तुम्ही घालाल का?

खडूस_काकू
चकली नको म्हणजे मोहन कमी पडलं असणार.

भाकरतुकडा
काकू 😂😂

टिंगूमास्तर
@मेथीदाणा संपानंतर पुढे?

मेथीदाणा
आत्ताच खाली दुसरा गठ्ठा सापडला. ८३ च्या दिवाळीपासून पुन्हा सुरू. तीन रुपये. तेव्हा बाबा भाजीची गाडी लावायचे. आईला विचारलं तर म्हणाली, मला कुठे सांगितलं होतं त्यांनी.

काकू, भाजणीचं प्रमाण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.