शहरात दोन खोल्या की उपनगरात तीन? सल्ला हवाय

दुपारची_झोप
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं: मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि सासूबाई. सध्या ऑफिसपासून चालत पंचवीस मिनिटांवर भाड्याने राहतो. दोन खोल्या. लेकीचा अभ्यास, माझ्या मीटिंगा आणि सासूबाईंचं पेपरवाचन एकाच टेबलावर चालतं. मालकांना घर परत हवंय, तीन महिन्यांत हलायचंय. तेवढ्याच भाड्यात उपनगरात तीन खोल्या, बाल्कनी आणि खाली मुलांना खेळायला जागा मिळतेय. पण दारातून निघून दारात पोचेपर्यंत सव्वा तास. नवरा दोन दिवस घरून काम करतो, मला पाचही दिवस जावं लागतं. त्याचं म्हणणं, "सवय होते." मला खात्री वाटत नाही. दोन्हीकडे राहिलेल्यांनी सांगा, कशाचा विचार करायचा राहून जातो?

बाल्कनीवाला
डोळे मिटून मोठं घर घ्या. मुलं लहान असतानाच जागा लागते, मोठी झाली की ती घरात सापडत नाहीत.

चुकलेली_गाडी
सवय होते हे खरं, पण कशाची ते बघा. जास्तीच्या खोलीची सवय दोन महिन्यांत होते, मग ती खोली दिसेनाशीही होते (आमच्याकडे तिथे इस्त्रीचे कपडे राहायला आले). प्रवासाची होत नाही, कारण तो रोज नव्या तऱ्हेने छळतो. स्टुट्झर आणि फ्राय या अर्थशास्त्रज्ञांचा यावर २००८ चा निबंध आहे, जर्मनीतल्या कुटुंबांच्या माहितीवरचा. पुस्तकी हिशोब असा, की लांबून येणाऱ्याला स्वस्त घर किंवा जास्त पगार मिळून फिट्टंफाट व्हायला हवी. ती होत नव्हती. जास्त वेळ प्रवास करणारे सरासरीने कमी समाधानी होते.

तुमचा हिशोब करू. जाऊन-येऊन रोज अडीच तास. वर्षाला कामाचे २४० दिवस धरले तर ६०० तास, म्हणजे दिवसरात्र धरून पंचवीस दिवस. एवढी रजा कुठलं ऑफिस देतं?

पण मी किलोमीटर मोजत नाही, दोन गाड्यांमधली मिनिटं मोजतो. दर पाच मिनिटांनी गाडी असेल तर एक चुकली म्हणून काही बिघडत नाही. अर्ध्या तासाने असेल तर समोरचा बोलत असताना तुमचा डोळा घड्याळावर. आणि गाडी किती वेळा बदलायची ते पाहा. सगळं फिसकटतं ते तिथेच.

मी नऊ वर्षं हे केलंय. रात्री बेल वाजवली की मुलगा उठायचा, म्हणून किल्ली. किल्लीने कडी वाजायची, म्हणून आधी दार स्वतःकडे ओढून धरायचं, मग किल्ली हळूच फिरवायची आणि चपला हातात घेऊन आत शिरायचं. चोराला शिकवू शकेन इतका हात बसलाय.

बाल्कनीवाला
गाडीदादा, जरा जास्तच रडगाणं होतंय. मी प्रवासात वाचतो. घरी कोण वाचू देतं?

चुकलेली_गाडी
बसायला जागा मिळत असेल तर शब्द मागे घेतो. ताई, हेही बघून घ्या: तुमच्या स्टेशनावर गाडी रिकामी येते की भरून?

कमरेएवढं_झाड
आम्ही शहरात सात वर्षं काढून उपनगरात आलो, परत जाणार नाही. कारण एकच: झोप. शहर रात्रीही तापलेलं राहतं. डांबर आणि सिमेंट दिवसभर ऊन पितं आणि रात्री ओकतं. हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या ल्यूक हॉवर्डने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लंडनच्या नोंदींवरून दाखवलं होतं, की रात्री शहर आसपासच्या खेड्यांपेक्षा उबदार असतं. मात्र उपनगर म्हणजे सावली असं समजू नका. नव्या वसाहतीत झाडं माझ्या नावासारखी असतात. जुनी, मुरलेली वस्ती शोधा.

आणि एक विचारू? चौघं राहणार, पण धाग्यात तिघांचाच विचार दिसतो. सासूबाई काय म्हणतात?

पायी_पायी
+१. माझ्या आईला आम्ही अशाच ऐसपैस घरी नेलं. आधीच्या घरी ती स्वतः खाली उतरून औषधं आणायची, वाटेत चार जणींशी बोलायची, तासाभराने परत. नव्या जागी दुकान गाडीशिवाय गाठता येईना. "येताना माझ्या गोळ्या आणशील का?" असं ती विचारायला लागली आणि मला पहिल्यांदा ती म्हातारी वाटली. घर बघायला जाल तेव्हा खोल्या नंतर मोजा. आधी सासूबाईंना सोबत घेऊन दुकान, दवाखाना आणि बसायला एखादा बाक कुठे आहे ते चालत शोधा, त्यांच्या चालीने.

नवा_पूल
तिकडे रस्ता रुंद करतायत ना? दोन वर्षांत प्रवास निम्म्यावर येईल, आत्ताच जागा पकडा.

चुकलेली_गाडी
रस्ता मोकळा झाला की आजवर दुसरीकडून किंवा दुसऱ्या वेळी जाणारे तिथेच येतात आणि गर्दीच्या वेळी कोंडी पूर्वीसारखी होते. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी हे १९६२ मध्ये लिहून ठेवलंय. ताई, आज आहे त्या रस्त्याचाच हिशोब धरा.

दुपारची_झोप
सगळ्यांचे आभार. थोडं उशिरा लिहितेय.

सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "मला विचारताय होय! मला वाटलं नुसतं कळवणार." मग त्यांनाच घेऊन उपनगरातलं घर पुन्हा बघायला गेलो. बाल्कनी त्यांना आवडली. दुकानापर्यंत चालताना रस्ता ओलांडायच्या जागी आम्ही बराच वेळ नुसत्या उभ्या. परतताना त्या काही बोलल्या नाहीत.

नंतर एका मंगळवारी मी सुटायच्या वेळी ऑफिसातून निघून त्या घरापर्यंत जाऊन पाहिलं. एक गाडी डोळ्यांसमोर गेली. एक तास चाळीस मिनिटं, तीही उभ्याने. पुढच्या वेळी नवऱ्याला एकट्याला पाठवलं. तो परत येऊन सवयीबद्दल काही बोलला नाही.

आता मधलं एक घर ठरतंय. शहराच्या कडेला, ऑफिसला पस्तीस मिनिटं, गाडी बदलायची नाही. भाडं थोडं जास्त आहे आणि खोल्या दोनच. पण मधे नीट लागणारं दार आहे, आणि टेबलं दोन मावतात, मोजून पाहिलं. सध्या एक वर्षाचाच करार करतोय. खाली दवाखाना आहे, त्याच्या बाकावर सासूबाई बसूनही आल्या.

मोठं कपाट कुणाला हवं असेल तर कळवा. ते नव्या जिन्यातून वर जात नाही.