थंडीत कीटक आपोआप मरतात म्हणे!

कडीकोयंडा:
परवा इथे एका सदस्याने लिहिलं की बर्फ पडणाऱ्या उपनगरात कीटकांची चिंता करायचं कारणच नाही, डिसेंबरात निसर्गच पेस्ट कंट्रोल करतो आणि उरलंसुरलं वर्षाच्या करारावर येणारा फवारणीवाला बघून घेतो. त्याखाली 'सहमत', '+१' यांची रांग लागली. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा.

थंडीने मरतात ते बाहेर राहिलेले, तेही सगळे नाहीत. अनेक किडे अंगात ग्लिसरॉलसारखी द्रव्यं साठवतात आणि गोठण्यापासून वाचतात. बाकीचे सप्टेंबर-ऑक्टोबरातच तुमच्या घरात मुक्कामाला आलेले असतात. स्टिंक बग, बॉक्सएल्डर बग, ते नारिंगी लेडीबग, क्लस्टर माशा, सगळ्यांचा शिरस्ता एकच. उन्हाने तापलेली दक्षिणेची किंवा पश्चिमेची भिंत गाठायची, साइडिंगच्या, म्हणजे भिंतीवरच्या बाहेरच्या आवरणाच्या, कडेने नाहीतर खिडकीच्या चौकटीतून आत सरकायचं आणि भिंतीच्या पोकळीत निपचित पडायचं. जानेवारीत जरा ऊन पडलं की यातलेच काही वाट चुकून दिवाणखान्यात येतात आणि आपण म्हणतो, "एवढ्या थंडीत हे आले कुठून?" आले नाहीत हो, होतेच!

आता फवारणीवाला जानेवारीत येऊन बेसबोर्डच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी आतून लावलेल्या पट्टीच्या, कडेने फवारतो. किडे भिंतीच्या आत, औषध भिंतीच्या बाहेर. क्लस्टर माशीच्या अळ्या तर बाहेर जमिनीतल्या गांडुळांवर वाढतात, म्हणजे घर कितीही धुऊन काढलं तरी त्यांना काही फरक पडत नाही. दिसतील ते व्हॅक्यूमने ओढा. चिरडू नका, स्टिंक बगचा वास आणि लेडीबगचे पिवळे डाग दोन्ही जाता जात नाहीत. खरं काम ऑगस्टच्या अखेरीस शिडी, टॉर्च आणि सीलंट घेऊन करायचं असतं. ते करायचा कंटाळा म्हणून करार, एवढंच.

करारपंत:
तो सदस्य मीच, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. आमच्याकडे करार सुरू झाल्यापासून एक झुरळ दिसलेलं नाही. अनुभव महत्त्वाचा की तुमचं ग्लिसरॉल? आणि शिडीवर चढायचं वय सगळ्यांचं नसतं, गुडघे बोलतात.

कडीकोयंडा:
पंत, कराराआधी किती झुरळं दिसत होती? घरात सापडणारं जर्मन झुरळ कडक हिवाळ्यात बाहेर तगत नाही. ते येतं खोक्यांतून, जुन्या फ्रिजमधून, पाहुण्यांच्या बॅगेतून, किंवा भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याकडून. तुमचं घर सुटं. जे येणारच नव्हतं ते आलं नाही, याचं श्रेय फवाऱ्याला कसं?

करारपंत:
म्हणजे आलं असतं तर करार वाया, आणि नाही आलं तरी वायाच. छान. वकिली करता का?

दुमजली:
मी जोडघरात राहते आणि शेजारून झुरळं आली होती, तेव्हा यावर जरा अधिकाराने बोलते. फवारा मारला की ती पळून भिंतीच्या आणखी आत जातात. काम केलं ते जेलने, म्हणजे विष घातलेल्या आमिषाने. सिंकखाली, डिशवॉशरच्या बिजागरीशी बारीक ठिपके ठेवायचे आणि त्यांच्या आसपास स्प्रे अजिबात मारायचा नाही, नाहीतर ती जेलला तोंड लावत नाहीत. काही झुरळांना ग्लुकोज कडू लागतं, म्हणून गोड आमिष टाळतात. फरक पडेना तर दुसऱ्या घटकाचं जेल आणा.

बाकी कडीकोयंडा यांचा सूर नेहमीप्रमाणे शिक्षकी असला तरी मुद्दा बरोबर आहे.

मऊभात:
किड्यांचं राहू द्या. आमच्या सिंकखालच्या कप्प्यात काळ्या, दोन्हीकडे टोकदार लेंड्या सापडल्यात आणि रात्री पोटमाळ्यावर खुडखुड चालते. उंदीर मारायचे नाहीत, हे घरात ठरलेलं आहे. जिवंत पकडायचा पिंजरा आणून मागच्या झाडीत सोडून यायचा विचार आहे. पुदिन्याच्या तेलाचे बोळेही ठेवलेत.

कडीकोयंडा:
पुदिन्याने कप्पा छान घमघमेल. उंदीर आधी कुठून येतो ते बघा: गॅसची, पाण्याची, ड्रायरची नळी भिंतीतून जिथे आत येते तिथे. पेन्सिल आत गेली की उंदीर गेला, 6 मिलिमीटर त्याला पुरतात. नुसता फोम भरू नका, तो कुरतडतो. आधी तांब्याची जाळी किंवा स्टील वूल ठासा, वरून सीलंट.

बोकोबा:
मांजर पाळा. विषय संपला.

दुमजली:
आमची मांजर उंदीर पकडून जिवंतच घरात आणून सोडायची. विषय तिथे सुरू झाला होता.

तिरकस_तात्या:
मऊभात, जानेवारीत उंदीर झाडीत सोडणं म्हणजे मारणंच, फक्त आपल्या डोळ्यांआड. त्याचं बीळ नाही, साठा नाही, बाहेर उणे तापमान. एकतर रात्रीत गोठेल, नाहीतर कुणाच्या तरी पोटात जाईल. जवळच सोडलात तर तुमच्याआधी घरी पोहोचेल. झटक्यात मान मोडणारा साधा स्प्रिंगचा सापळा यापेक्षा कितीतरी दयाळू आहे. हे भूतदयेचं नाटक मला कधी कळलं नाही.

मऊभात:
नाटक? मी तुम्हाला काय करा ते सांगितलं का? माझ्या आजीने आयुष्यात मुंगी मारली नाही. चिकट पाटीवर रात्रभर ओरडणारा उंदीर पाहिलाय मी, तेव्हापासून ठरवलंय. तुमचं काळीज दगडाचं असेल, माझं नाही.

तिरकस_तात्या:
चिकट पाटीचं समर्थन मी केलेलंच नाही. ती विकणाऱ्यालाच तिच्यावर चिकटवायला हवं. मी सापळा म्हणालो, शब्द नीट वाचा.

करारपंत:
एवढा रक्तपात कशाला? आमचा माणूस बाहेर काळ्या डब्यांत गोळ्या ठेवून जातो. दिसतही नाही, ऐकूही येत नाही.

घुबडमित्र:
पंत, नेमकं तेच थांबवा. त्या गोळ्यांत बहुधा ब्रोडिफॅकोमसारखं दुसऱ्या पिढीचं रक्त पातळ करणारं विष असतं. वॉरफेरिन 1948च्या सुमारास उंदरांसाठी आलं, ते उंदराला बरेच दिवस खावं लागायचं. या नव्याचा एक घास पुरतो. पण उंदीर लगेच मरत नाही, कित्येक दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो. त्याला घुबड उचलतं, ससाणा उचलतो आणि विष त्यांच्या यकृतात महिनोन् महिने साठून राहतं. म्हणजे फुकटात उंदीर मारणाऱ्यालाच तुम्ही पैसे देऊन मारताय.

आमच्या गल्लीत एकाच्या कुत्र्याने असा मेलेला उंदीर खाल्ला. नाकातून रक्त आलं, मग उतारा म्हणून कित्येक आठवडे व्हिटॅमिन के. वाचला, पण मालकाची काय अवस्था झाली होती ते मी बघितलंय.

दुमजली:
शिवाय विष खाल्लेला उंदीर भिंतीत मेला की वास. तो मात्र दिसत नसला तरी कळतो, पंत.

करारपंत:
सगळे एकदम तुटून पडा. गोळ्या त्याने ठेवल्यात, मी नाही. ठीक आहे, डब्यात काय आहे ते त्याला विचारतो. फोन करायला गुडघे लागत नाहीत.

बोकोबा:
उंदीर पळवायला प्लगमध्ये लावायचा तो अल्ट्रासॉनिक आवाजाचा डबा कुणी वापरलाय का?

घुबडमित्र:
उंदीर त्याच्यामागेच घरटं करतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 साली 60हून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं की दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. पुढे तुम्हीच समजून घ्या.

नवखा_भाडेकरू:
अवांतर: गादीत ढेकूण आहेत. बाहेर उणे पाच आहे, गादी रात्रभर अंगणात टाकली तर?

कडीकोयंडा:
ढेकणांना थोडा गारवा, तुम्हाला पाठदुखी. उणे 18 अंश, तेही सलग 4 दिवस, आणि गादीच्या गाभ्यापर्यंत पोहोचायला हवेत. चादरी-कपडे ड्रायरमध्ये सर्वांत गरम सेटिंगवर अर्धा तास फिरवा, गादीला चेनचं सीलबंद कव्हर घाला आणि घरमालकाला आजच लेखी कळवा. इथे मात्र व्यावसायिक माणूस बोलवाच. हो, हे मीच लिहितोय, पंतांनी स्क्रीनशॉट काढून ठेवावा.

करारपंत:
काढला.

मऊभात:
माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी देणार का? फटी आधी बुजवू की उंदीर आधी पकडू? आणि त्या लेंड्या झाडून टाकल्या तर चालेल ना?

तिरकस_तात्या:
झाडू नका! व्हॅक्यूमही नको. काही भागांत हरणउंदरांकडून हंता विषाणू येतो, सुकी धूळ नाकात गेली की धोका. दारं-खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर थांबा. हातमोजे घाला, 1 भाग ब्लीच 9 भाग पाण्यात ताजं कालवून लेंड्या भिजवा, पाच मिनिटांनी कागदाने उचला. तुमचं माझं पटत नाही म्हणून तुम्ही आजारी पडावं असं काही नाही.

फटी बाहेरून आजच बुजवा. त्याच वेळी आत सापळे, भिंतीला काटकोनात, खटका भिंतीकडे, कारण उंदीर भिंतीच्या कडेकडेने पळतो. आमिष चिमूटभर, शिवाय कापसाचा धागा बांधा, हिवाळ्यात त्याला घरट्याला तो हवाच असतो. एक सापळा लावून वाट बघत बसू नका, भरपूर लावा. जिवंतच पकडायचं असेल तर पिंजरा रोज सकाळी तरी बघा.

मऊभात:
ब्लीचचं सांगितल्याबद्दल आभार. पिंजराच आणणार आहे. सापळ्याचं सध्या नवऱ्याला सांगितलेलं नाही.

दुमजली:
कडीकोयंडा, भर हिवाळ्यात स्वयंपाकघरात मोठ्या काळ्या मुंग्या दिसतात. त्या पण 'होत्याच' का?

कडीकोयंडा:
होत्याच, आणि हे उंदरांपेक्षा वाईट. बाहेर बर्फ असताना सुतार मुंग्या आत फिरत असतील तर घरटं बहुधा घराच्या लाकडातच आहे. त्या लाकूड खात नाहीत, ओलं लाकूड पोखरून राहतात. खिडकीखाली, बाथटबच्या मागे, छताच्या गळक्या कडेला भुशासारखा चुरा पडलाय का बघा. शेकोटीची लाकडं घरात रचून ठेवली असतील तर आधी ती बाहेर काढा, एकेक मुंगी त्यातूनच आली असेल. चुरा सापडला तर मुंग्यांच्या आधी गळती शोधा.

दुमजली:
चुरा आहे. खिडकीखालीच. गळतीचं आम्ही दोन्ही घरांत मिळून बघायचं ठरलं होतं, शेजारी म्हणाले उन्हाळ्यात बघू.

करारपंत:
तेच, ज्यांच्याकडून झुरळं आली होती?