वॉर्प झोनमधून गेलात तर मारिओ 'संपवला' म्हणायचा का?

सावकाश:
'सुपर मारिओ ब्रदर्स', निन्टेन्डोचा १९८५ चा गेम, या मालिकेतला पहिला. त्याबद्दल एक वाद बरेच दिवस डोक्यात आहे, म्हणून धागा काढतोय. वॉर्प झोन म्हणजे मधली वर्ल्ड गाळून थेट पुढे नेणाऱ्या पाईपांची छुपी खोली. १-२ ला (म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या स्टेजला) छतावरून पळत जाऊन चौथ्या वर्ल्डचा पाईप धरायचा, ४-२ ला वेलीवर चढून थेट आठव्यात उतरायचं, शेवटच्या ड्रॅगनला पाडायचं आणि सांगायचं, "मी मारिओ संपवला." मला हे मान्य नाही.

हिशेब करा. आठ वर्ल्ड, प्रत्येकात चार स्टेज, त्यातली चौथी किल्ल्याची, एकूण ३२. या वाटेने जाणारा १-१, १-२, ४-१, ४-२ आणि आठव्या वर्ल्डच्या चार, अशा फक्त ८ स्टेज खेळतो. २-२ मधलं पोहणं नाही, २-३ च्या पुलावर खालून उसळणारे मासे नाहीत, ३-१ ची रात्र नाही. पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. या वाटेवर शेवटचा सोडला तर एकही किल्ला लागत नाही. म्हणजे "राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे" असं सांगणारा तो मशरूमच्या टोपीवाला एकदाही भेटत नाही! सात किल्ले जिंकायचे आणि सातही वेळा तेच ऐकून पुढे निघायचं, एवढीच तर या गेमची गोष्ट. शेवटी राजकन्या दिसल्यावर जीव हरखतो तो त्या सात नकारांमुळे.

शिवाय मियामोतो आणि तेझुका या गेमच्या कर्त्यांनी या किल्ल्यांमधून काहीतरी शिकवत नेलंय. ४-४ मध्ये पहिल्यांदा कळतं की चुकीच्या मजल्यावरून गेलं की तोच रस्ता पुन्हा समोर येतो, आणि घड्याळ काही थांबत नाही. ७-४ मध्ये तेच, पण जास्त कडक. मग ८-४ मध्ये मजल्यांच्या जागी पाईप येतात, चुकीचा धरला की मागे. आधीचे दोन धडे ज्याने घेतलेत त्याला हे कोडं वाटतं आणि तो ते सोडवायला बसतो. वॉर्पने आलेल्याला तो नुसता गोंधळ वाटतो.

रोपवेने वर गेलेल्या माणसाने रायगड पाहिला, हे कबूल. चढला नाही.

दोनपाईप:
सावकाश, रोपवे गड बांधणाऱ्यांनी बांधला नव्हता. वॉर्प झोन मात्र ज्यांनी गेम केला त्यांनीच ठेवलाय. गडाचीच भाषा करायची तर त्याला चोरदरवाजा म्हणा. तो माहीत असणं हेही गड माहीत असण्यात येतंच.

१-२ चा शेवट आठवून बघा. वर जाणारी लिफ्ट आहे. बहुतेक जण तिच्यावरून उडी मारून पलीकडे जातात आणि बाहेरचा पाईप धरतात. एखाद्याला वाटतं, हिच्यावर उभं राहून अजून वर गेलं तर? तो छताच्या विटांवर चढतो. जिथे स्कोअर आणि वेळ लिहिलेली असते त्या पट्टीतून मारिओ पळायला लागतो. खेळाची हद्द संपली असं वाटत असताना तो बाहेरच्या पाईपच्याही पुढे जातो, आणि पडद्यावर स्वागताची ओळ उमटते. कर्त्यांना ही पळवाट वाटली असती तर त्यांनी स्वागत केलं असतं का? या गेमने लोकांना एक सवय लावली: दिसतं त्याच्या पलीकडे काय आहे ते बघायची. मला तरी वॉर्प झोन हे त्या सवयीचं सगळ्यात मोठं बक्षीस वाटतं.

आणि शेवटचा पडदा काय म्हणतो तेही वाचा. तुमची मोहीम पूर्ण झाली, ही घ्या नवी मोहीम. ८ स्टेज खेळून आलात की ३२, गेम विचारत नाही. दोघांनाही तोच दुसरा फेरा मिळतो, ज्यात गुंबा या साध्या शत्रूंच्या जागी आगीने न मरणारी काळी कासवं येतात. गेम स्वतः "संपला" म्हणत असताना आपण कोण नाही म्हणणार?

मीनल_ठाणे:
दोनपाईपशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. या कॅसेटमध्ये सेव्ह करायची सोय नाही. आपल्याकडे बहुतेकांनी हा गेम खेळला तो नकली कन्सोलवर, एकात शेकडो गेम असल्याचा दावा करणाऱ्या कॅसेटवर. सोबत माहितीपुस्तिका नाही, सांगणारं कुणी नाही. गेम ओव्हर झाला की पुन्हा १-१. मध्येच लाईट गेली तरी पुन्हा १-१. घरात एकच टीव्ही, त्यावर मुलांच्या वाट्याला जेमतेम तास. अशा मुलीने आठवं वर्ल्ड बघायचं कसं? वॉर्प झोन नसता तर माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना ८-४ कसा दिसतो हे कधी कळलंच नसतं. त्यांनी संपवला नाही असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

सावकाश:
मीनलताई, त्या काळाची अडचण मी नाकारत नाही. पण पुढे चालू ठेवायची सोय गेममध्ये होती. गेम ओव्हर झाल्यावर पहिल्या पडद्यावर ए बटण दाबून धरायचं आणि स्टार्ट दाबायचं, की ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच्याच पहिल्या स्टेजपासून सुरुवात. आपल्यापर्यंत ही माहिती पोचली नाही, हे दुर्दैव. पण कर्त्यांनी सगळे किल्ले खेळता यावेत अशी तजवीज केली होती, एवढं त्यावरून नक्की दिसतं.

आणखी एक. लाईफ वाढवायची सगळ्यात चांगली जागा ३-१ च्या शेवटच्या पायऱ्यांवर आहे, जिथे कासवावर पुन्हा पुन्हा उडी मारता येते. चौथ्याचा पाईप धरणारा नेमकी तीच स्टेज ओलांडून जातो.

अथांग:
तुम्ही २४ स्टेज गाळल्या म्हणता, पण त्यातल्या सगळ्या नव्या आहेत का? ५-३ म्हणजे १-३ च. ५-४ म्हणजे २-४, ६-४ म्हणजे १-४, ७-२ म्हणजे २-२ आणि ७-३ म्हणजे २-३. पाच स्टेज मांडणीने जुन्याच. कारण उघड आहे: सगळा गेम ४० केबीत बसवायचा होता, ३२ केबी प्रोग्रॅमला आणि ८ केबी चित्रांना. ढग आणि झुडूप एकाच आकाराचे आहेत, फक्त रंग बदललाय, हे आता बहुतेकांना माहीत असेल. ही काटकसर मला मनापासून आवडते. पण त्या काटकसरीतून आलेल्या पुनरावृत्तीला "गेमचा गाभा" म्हणून आमच्यावर लादू नका. पाच, सहा, सात ही वर्ल्ड मला तरी ताणल्यासारखी वाटतात.

जुनी_कॅसेट:
अथांग, मांडणी तीच, खेळ तोच नाही. ५-३ मध्ये हलते फळकुटे आखूड झालेत आणि वर तोफेच्या गोळ्या सुटतात. १-४ चा ड्रॅगन फक्त आग ओकतो, ६-४ चा हातोडे फेकतो. १-४ मधली पाठ झालेली उडी ६-४ मध्ये जीव घेते, कारण हातोड्यांची कमान ओलांडायला वेगळी वेळ साधावी लागते. ८-४ मध्ये आग आणि हातोडे दोन्ही एकदम येतात. सहावं-सातवं वर्ल्ड खेळून आलेला त्या हातोड्यांची लय ओळखतो. वॉर्पवाल्याच्या पुढे तर आयुष्यातला पहिलाच ड्रॅगन तिथे उभा असतो!

दोनपाईप:
आणि तरी तो त्याला हरवतो. हे जास्त अवघड नाही का?

वेगाने खेळणाऱ्यांकडे बघा. वॉर्प वापरून हा गेम ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत संपवलाय लोकांनी, पहिल्यांदा २०२१ मध्ये. सेकंदाचा साठावा भाग म्हणजे एक फ्रेम, आणि या मंडळींचा हिशेब फ्रेममध्ये चालतो. वॉर्पशिवायची शर्यत वेगळी आहे, तिला साधारण १९ मिनिटं लागतात. कुणी कुणाला खोटं ठरवत नाही.

सावकाश:
वेगळी शर्यत आहे, हेच तर म्हणतोय मी! दोन निराळी कामं आहेत म्हणून त्यांनी दोन याद्या केल्या.

पण कर्त्यांचंच म्हणणं ऐकायचं असेल तर १९८६ चा जपानी 'सुपर मारिओ ब्रदर्स २' बघा. तो डिस्कवर आला, कॅसेटवर नाही. त्यात ३-१ ला असा वॉर्प आहे जो तुम्हाला मागे, पहिल्या वर्ल्डमध्ये नेऊन सोडतो. आणि नववं वर्ल्ड? ते फक्त वॉर्प न वापरता आठ वर्ल्ड पार करणाऱ्यालाच उघडतं. वर्षभरात त्यांनी स्वतःच फरक केला.

दोनपाईप:
केला, पण दुसऱ्या गेममध्ये, आणि तो होता पहिला कोळून प्यालेल्यांसाठी. फरक कसा करायचा हे त्यांना येत होतं, एवढं तुमच्याच उदाहरणातून दिसतं. पहिल्यात तो नाही. माझ्यासाठी पहिल्याचा नियम पहिल्यातच शोधायला हवा.

मीनल_ठाणे:
एक गोष्ट कुणी काढलीच नाही. १-२ च्या त्या खोलीत तीन पाईप आहेत: ४, ३ आणि २. आपण सगळे डोळे मिटून चारच्या पाईपकडे पळतो. माझी भाची आता हा गेम खेळायला लागली आहे, तिला मी तीनचा पाईप सांगणार आहे. ३-१ ची रात्र मिळेल, पायऱ्यांवरचं कासव मिळेल, ३-४ ला टोपीवाला पहिल्यांदा "दुसऱ्या किल्ल्यात" म्हणेल. आणि ४-२ ची वेल मी तिला सांगणार नाही. मधल्या अदृश्य विटा तिच्या तिने शोधल्या तर जाऊ दे वर.

सावकाश:
तीनचा पाईप मला चालेल. वेल सापडली तरी एकदा ४-४ खेळून घे म्हणावं तिला, मग आठव्यात जा.

दोनपाईप:
आणि वेलीवरून गेली तर तिने संपवलेला गेम मोजणार ना?

सावकाश:
८-४ पर्यंत गेली असं म्हणेन. संपवला म्हणायला टोपीवाला सात वेळा भेटायला हवा.