मदत हवी आहे : गद्दी कुत्र्याच्या केसांतील गुठळ्या
नोकरीनिमित्त आम्ही हिमाचलमध्ये पालमपूरजवळ राहतो. धौलाधार पर्वतरांगेच्या कुरणांत बिबट्यापासून मेंढ्या राखणाऱ्या गद्दी जातीचा, दोन वर्षांचा कुत्रा आमच्याकडे आहे. मार्चपासून त्याची आतली लोकर सुटू लागली असून कानांमागे आणि मांड्यांवर तिच्या घट्ट गुठळ्या झाल्या आहेत. काल एक गुठळी बोटांनी सोडवली, तर आत कुसळे आणि टम्म फुगलेली गोचीड सापडली. शेजारी सरसकट भादरायला सांगतात, परंतु हे दुहेरी केस ऊन आणि थंडी दोन्ही अडवतात, म्हणून मन धजत नाही. कातडीला इजा न करता गुठळ्या कशा काढाव्यात आणि मानेच्या दाट आयाळीत गोचिडीचे औषध कातडीपर्यंत कसे पोहोचवावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. तो परक्याला अंगाला हात लावू देत नाही, त्यामुळे सारे मलाच करावे लागणार आहे.