मदत हवी आहे: कणीक गायब होते, कार्प काही लागत नाही

भीमाकाठ_नवखा:
सलग चार रविवार हात हलवत परत आलोय. पाण्यात मासा आहे, उड्या मारताना दिसतो. गळ टाकला की पाच मिनिटांत टुकटुक सुरू, ओढून बघावं तर कणीक गायब. बडीशेप, हिंग, मध, सगळं मिसळून झालं. आता कणकेत नेमकं काय घालू? येत्या रविवारी जायचंय, लवकर सांगा.

तळ्याकाठी:
पाणी कुठलं? नदी, तळं की धरण? गळ केवढा? तळाला टाकता की तरंगा लावून? हवाय कोणता मासा?

हावडा_रिटर्न:
कणीक सोडाच. मी कोलकात्यात नऊ वर्षं काढली. रोहूला लाल मुंग्यांची अंडी लावा, त्यापुढे दुसरं आमिष नाही.

मालवणी_गरी:
आम्ही गरवायला जाताना जिवंत कोळंबी नेतो. भरतीला खाडीच्या तोंडाशी बसा, तांबोशी मिळेल.

तळ्याकाठी:
अहो, ते कार्प म्हणतायत. गोड्या पाण्यातला मासा आहे.

भीमाकाठ_नवखा:
उजनीचं बॅकवॉटर, पळसदेवच्या बाजूला. गळ २/०, दुकानदाराने दिला तो. शिसं लावून तळाला टाकतो. कटला हवाय.

तळ्याकाठी:
घोळ इथेच आहे. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात बारीक प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळून खातो. तळाला शिसं टाकून त्याची वाट बघू नका. रोहू मधल्या थरात, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाशी.
तुमची कणीक चिलापी (तिलापिया मासा) खातेय. टुकटुक तिचीच. वास वाढवाल तितकी ती जास्त जमेल. तळालाच टाकायचं तर सायप्रिनससाठी मका घ्या. २४ तास भिजवा, दाण्यात नख रुतेपर्यंत उकळा, त्याच पाण्यात गार होऊ द्या. गळ ६ किंवा ८ नंबरचा, म्हणजे लहान. २/० फार मोठा. आणि दाणा गळात खुपसू नका, हेअर रिग बांधा. गळामागे तंगुसाचं (नायलॉनच्या दोरीचं) पेरभर शेपूट सोडायचं, त्यात सुईने २ दाणे ओवायचे, खाली काडीचा तुकडा अडकवायचा. सायप्रिनस दाणे तोंडात ओढतो, शंका आली की फुंकून बाहेर टाकतो. त्या वेळी मोकळा गळ ओठात रुततो.

हावडा_रिटर्न:
एवढा खटाटोप कशाला? तरंगा लावा. तळाचा मासा आमिष उचलतो तेव्हा तरंगा बुडत नाही, वर उठून आडवा पडतो. तेव्हा झटका द्यायचा.

तळ्याकाठी:
तळ्यावर ठीक. उजनीवर दुपारचा वारा सुटला की लाटांत तरंगा दिसतो तरी का?

इंदापूरची_मी:
पळसदेव म्हणताय तर पळसनाथाचं मंदिर पाण्याबाहेर आलंय का? मुलांना दाखवायचंय.

जुना_जाळकरी:
धरणात मासेमारीचा ठेका असतो, आधी तिथल्या मच्छीमारांना विचारा. त्यांच्या जाळ्यावरून शिसं फेकू नका. माझ्यासमोर एकाचं नवंकोरं जाळं असंच फाटलंय, त्याचं पोट त्यावर आहे. आणि पहिल्या पावसात गाभोळीची मादी लागली तर सोडून द्या.

भीमाकाठ_नवखा:
तळ्याकाठीदादा, लागला! सायप्रिनस, दीड किलोच्या आसपास. मच्छीमारांना विचारूनच बसलो. आधी दोन मुठी मका फेकून ठेवला होता. तासाभराने रॉडच पुढे सरकला. गळ बरोबर खालच्या ओठात! दुसरा मात्र मोठा होता, तंगूस तोडून गेला. रीळ घट्टच ठेवायचं ना?
ताई, शिखर दिसतंय, बाकी मंदिर अजून पाण्यात आहे.

तळ्याकाठी:
नाही, नाही! ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सैल हवा, हाताने जोर लावून ओढल्यावर रिळातून तंगूस सुटला पाहिजे. मोठ्या माशाला पहिली धाव घेऊ द्या. तुटला कुठे, गाठीपाशी की मधेच? गाठीपाशी असेल तर आवळण्याआधी ती थुंकीने ओली करत जा, कोरडी गाठ घासून कमजोर होते. आणि तंगूस किती जाडीचा, ते अजून सांगितलं नाहीत.