मेलचा जुना प्रोग्राम गेला, नवा अर्धवट आहे. काय करावं?

उद्यमनगरची लेथ:
नमस्कार. शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. शॉप काका बघतात, ऑफिस मी बघतो. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक संगणक आणि खिडकीत काकांची चुन्याची डबी.

महिन्याभरापूर्वी मेलचा प्रोग्राम आपोआप बदलला. सकाळी उघडला तर नवाच अवतार, वर 'आता आणखी सोपं' असं लिहिलेलं. सोपं म्हणजे निम्मी बटणं काढून टाकलीत. जुन्यात चाकणच्या पार्टीचा मेल आला की आपोआप त्या पार्टीच्या फोल्डरात जायचा. मग मी तो माउसनं ओढून जॉब नंबरच्या फोल्डरात टाकायचो, ड्रॉइंगसकट. ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती, म्हणजे रिव्हिजन, बी का सी, ही भांडणं तिथंच मिटायची. नव्यात मेल ओढला तर सोडल्या सोडल्या पुन्हा जागेवर जातो, जत्रेतल्या रबराच्या चेंडूगत. आपोआप फोल्डरात टाकायची सोय नाहीच. नेट गेलं की मागचा एकही मेल उघडत नाही.

गेल्या गुरुवारी सी रिव्हिजनचा मेल जाहिरातींच्या ढिगात दबला आणि बारा बुश, म्हणजे पोकळ नळीसारखे भाग, जुन्या बी प्रमाणे लेथवर कापले गेले. बाराही भंगारात. काका काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

जुना परत आणता येईल का? नाहीतर दुसरा कुठला घ्यावा? फुकट असेल तर बरं.

पांढरा रस्सा जादा:
दादा, आधी एक सांगतो. जुन्याचा सेटअप कुठल्यातरी साइटवरून उतरवून बसवू नका. त्यासोबत काय येईल सांगता येत नाही, आणि अपडेट बंद झालेल्या प्रोग्राममध्ये बाहेरचे मेल उघडणं म्हणजे कुलूप न लावता गावाला जाणं.

थंडरबर्ड नावाचा मेलचा प्रोग्राम घ्या. फायरफॉक्स काढणाऱ्या मोझिलावाल्यांचा, फुकट, पहिली पक्की आवृत्ती २००४ ची, अजून चालू आहे. फिल्टर आहेत, म्हणजे मेल आपोआप फोल्डरात टाकायचे नियम. मेल ओढून बाहेर टाकता येतो, तो ईएमएल फाइल, म्हणजे एका मेलची एक फाइल, होऊन बसतो आणि ड्रॉइंग त्याच्या पोटातच राहतं. दिसायला पहिले दोन दिवस गिचमिड वाटेल.

गुळाची ढेप:
आमच्याकडं पण हेच झालं. मी नव्यावरच राहिलो. दिवसाला सात-आठ मेल, त्यातले चार बँकेचे. त्यासाठी कोण डोकं फोडून घेणार? पण तुमचं काम ड्रॉइंगचं आहे, तुम्हाला ते जमणार नाही.

जुनी डिस्क:
माझी सुरुवात युडोरावर झाली. स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात लिहिलेला मेलचा प्रोग्राम. तो मेल एका ठिकाणी आणि आलेल्या फाइली दुसऱ्या फोल्डरात सुट्या ठेवायचा. ड्रॉइंग शोधायला मेल उघडावाच लागत नसे. २००६ मध्ये त्याचा व्यापारी कारभार गुंडाळायचं ठरलं आणि पुढचा युडोरा थंडरबर्डच्या पायावर बांधला. नाव तेच, पण जुन्या वापरणाऱ्यांना त्यात आपला युडोरा सापडला नाही. कित्येकांनी वर्षानुवर्षं जुनाच दामटला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, खुला केला, म्हणजे आमचा प्रोग्राम थेट संग्रहालयात. तुमच्यावर आलंय ते नवं नाही, एवढंच सांगायचं होतं.

आता कामाचं. सर्व्हरवरून मेल घ्यायच्या दोन पद्धती असतात, पॉप आणि आयमॅप. तुमचं खातं पॉप आहे का आयमॅप? जुना प्रोग्राम अजून उघडतो का? हे कळल्याशिवाय काहीही पुसू नका.

उद्यमनगरची लेथ:
पॉप आहे, आत्ताच बघितलं. जुना उघडतो, फक्त नवीन मेल आणत नाही. २०१४ पासूनचे मेल ह्याच एका संगणकावर आहेत.
आणि रस्सेवाले, दादा नव्हे, ताई. कोल्हापुरात आम्ही पोरी पण करतो-जातोच म्हणतो.

पांढरा रस्सा जादा:
चुकलं ताई. मी मूळचा नाशिकचा, चार वर्षं झाली तरी अजून फसतोय.

जुनी डिस्क:
पॉप म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरवून संगणकावर घ्यायचे, आणि बहुतेक वेळा सर्व्हरवरचे पुसायचे. म्हणजे तुमची अकरा-बारा वर्षं एका हार्ड डिस्कवर टांगलेली आहेत. प्रोग्राम कुठला घ्यायचा हा प्रश्न नंतरचा.

आज संध्याकाळी एवढं करा. जुना उघडा, एकेका पार्टीचे मेल निवडून बाहेरच्या साध्या फोल्डरात ओढा. प्रत्येक मेलची एक ईएमएल फाइल होईल. एकदम सगळे ओढू नका, शे-दोनशेच्या घासानं घ्या, नाहीतर मधेच अडकतं आणि कुठवर आलं ते कळत नाही. मग तो फोल्डर पेनड्राइव्हवर. थंडरबर्डमध्ये 'इम्पोर्ट एक्सपोर्ट टूल्स एनजी' नावाचं ॲड-ऑन, म्हणजे वरून बसवायचं जोड-साधन, आहे, ते असा फोल्डर आत घेतं. आत घेतल्यावर मोजा: बाहेर चारशे बारा असतील तर आतही चारशे बाराच पाहिजेत. २०१४ चा एखादा मेल उघडून ड्रॉइंग खरंच उघडतंय का ते बघा. जुना प्रोग्राम दोन महिने काढू नका.

मग मेल देणाऱ्याला फोन करून आयमॅप मिळतं का आणि जागा किती, ते विचारा. आयमॅपमध्ये मूळ प्रत सर्व्हरवर राहते. सेटिंगमध्ये पोर्ट नावाचा आकडा विचारतात, तिथं मेल घ्यायला ९९३ टाकायचा, पाठवायला ४६५ किंवा ५८७. नेट गेल्यावर वाचता यावं म्हणून थंडरबर्ड स्वतःची प्रत संगणकावरही ठेवतो, ती खूण काढू नका.

पांढरा रस्सा जादा:
डिस्ककाकांच्या पुढचं एक. ताई, पार्टीप्रमाणे फोल्डरात टाकायचा नियम ह्यावेळी प्रोग्राममध्ये लिहू नका. तुमचं स्वतःचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात शॉपचं नाव, असेल तर होस्टिंगच्या, म्हणजे मेल देणाऱ्या कंपनीच्या, सेटिंगच्या पॅनेलमध्ये बहुतेक ठिकाणी फिल्टर असतात. जीमेल असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये असतात, तिथून ते फाइल करून उतरवूनही ठेवता येतात. मेल तिथंच वेगळा होतो, मग उद्या हाही प्रोग्राम कुणी 'सोपा' केला तरी चाकण चाकणच्याच फोल्डरात. फक्त आयमॅप हवं. पॉपला नुसता इनबॉक्स दिसतो, बाकी फोल्डर दिसतच नाहीत.

गुळाची ढेप:
हे माहीत नव्हतं. बँकेच्या चार मेलना आजच कोपरा दाखवतो.

उद्यमनगरची लेथ:
सोमवारी सुट्टीच्या दिवशी बसून केलं. आयमॅप मिळालं. सहा हजार दोनशे सत्तर मेल बाहेर, तेवढेच आत. पहिल्या खेपेला एकोणीस कमी भरले, एक फोल्डर ओढायचा राहिला होता. मोजायला सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. पॅनेलमध्ये पाच पार्ट्यांचे फिल्टर लावले. मेल ओढला की जॉबच्या फोल्डरात बसतो.

अक्षर बारीक वाटतंय आणि डिलीट दाबल्यावर पुढचा मेल उघडतो त्याची अजून सवय नाही. जुन्याचा आयकॉन डेस्कटॉपवर तसाच ठेवला होता, तो मात्र हलवावा लागणार. काका अजून तोच उघडतात, 'आज मेलच नाही' म्हणतात आणि चहाला जातात.