मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये रस्त्यावरचे दिवे बंद, काउन्सिल म्हणते आमचे नाहीत

ऋतुजा_यूके
नमस्कार, खूप वैतागून लिहितेय. आमच्या रस्त्यावरचे चार दिवे सप्टेंबरपासून बंद आहेत. काउन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेला, तीनदा कळवलं, दोनदा ऑनलाइन आणि एकदा फोनवर अर्धा तास ताटकळून, दर वेळी एकच उत्तर की हे आमच्याकडे येत नाही. मग कुणाकडे येतं ते कुणी सांगत नाही. काउन्सिल टॅक्स मात्र महिन्याच्या महिन्याला बरोब्बर कापला जातो. घड्याळं मागे गेल्यापासून पाचच्या आत मिट्ट काळोख होतो, मुलगी बसमधून उतरून एकटी चालत येते, आई भारतातून आलीये ती तर दुपारनंतर बाहेरच पडत नाही. नक्की कोणाला गाठायचं? लवकर सांगा प्लीज.

नाना_रेडिंग
कुठली काउन्सिल? काउंटी की डिस्ट्रिक्ट?

ऋतुजा_यूके
जिचं टॅक्सचं बिल येतं तीच. अजून एक असते का??

नाना_रेडिंग
असते, तिथेच लोक अडकतात. ढोबळ सांगतो. काउंटी म्हणजे आपली जिल्हा परिषद, डिस्ट्रिक्ट किंवा बरो म्हणजे पंचायत समिती आणि पॅरिश म्हणजे ग्रामपंचायत. बिल पाठवते डिस्ट्रिक्ट, कचरा पण तीच उचलते, पण रस्ते, शाळा, लायब्ररी, वृद्धांची देखभाल हे सगळं काउंटीचं, आणि तुमच्या टॅक्सातला सगळ्यात मोठा हिस्सा तिकडेच जातो. बिलावर वेगवेगळ्या ओळी असतात बघा. दिवे बहुतेक काउंटीचे, काही गावांत पॅरिशचे पण असतात. आमच्या बर्कशरमध्ये काउंटी काउन्सिल १९९८ मध्येच बंद झाली त्यामुळे आम्हाला एकच दार ठोठवायचं असतं, फार सोपं पडतं.

स्नेहल_नॉर्थ
नाना, एकच असलं की सोपं असं काही नाही हं. नॉर्थॅम्प्टनशरमध्ये २०२१ ला काउंटी आणि सगळ्या डिस्ट्रिक्ट मोडून दोन काउन्सिली केल्या, मी तिथेच राहते, सुरुवातीला कुठला अर्ज कुठल्या साइटवर हेच कळायचं नाही.

नाना_रेडिंग
तो सुरुवातीचा गोंधळ झाला. बकिंगहॅमशरमध्ये २०२० ला सगळ्यांची मिळून एकच केली, माझा भाचा तिथे आहे, त्याची काही तक्रार नाही.

टायरवाला
खड्ड्याचं पण लिहून ठेवतो, कुणाला उपयोग होईल. माझा टायर खड्ड्यात फुटला, भरपाई मागितली तर हायवेज ॲक्ट १९८० चं कलम ५८ दाखवून नाही म्हणाले. म्हणजे ठरल्याप्रमाणे तपासणी केलेली असली आणि खड्डा माहीतच नसला तर ते सुटतात. म्हणून खड्डा दिसला की आधी रिपोर्ट करा, तारखेचा पुरावा राहतो, नंतर ज्याचा टायर फुटेल त्याला कामाला येतो. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा.

स्नेहल_नॉर्थ
अहो इथे दिव्यांचं चाललंय.

मंदार७८
फिक्समायस्ट्रीट या तक्रारींच्या साइटवर टाका ना. २००७ पासून आहे, नकाशावर टिचकी मारली की योग्य काउन्सिलला आपोआप जातं, काउंटी की डिस्ट्रिक्ट ते आपल्याला माहीत असायची गरज नाही. मी डझनभर तरी टाकल्यात.

ऋतुजा_यूके
दुसरी तक्रार तिथूनच केली होती. आता बघितलं, उत्तर काउंटीकडून आलं होतं की आमच्या यादीत नाही.

देवेन_सॉलिहल
थांबा थांबा, ही महत्त्वाची गोष्ट आहे. खांबावर नंबर आहे का? आणि घर किती साली बांधलेलं?

ऋतुजा_यूके
नंबर नाहीये. घर २०२१ चं, नवीन इस्टेट (वसाहत), आम्ही पहिलेच. त्याचा काय संबंध?

देवेन_सॉलिहल
सगळा संबंध त्याचाच आहे ताई, हे पहिल्या पोस्टमध्येच हवं होतं. नवीन इस्टेटचे रस्ते आपोआप काउन्सिलचे होत नाहीत. बिल्डर आणि काउन्सिलचं हायवे खातं यांच्यात हायवेज ॲक्टच्या कलम ३८ चा करार होतो, बिल्डरने रस्ता, गटारं, दिवे ठरलेल्या दर्जाने पूर्ण करायचे, मग काही काळ स्वतः सांभाळायचे, मग तपासणी होऊन काउन्सिल ताब्यात घेते, त्याला अडॉप्ट करणं म्हणतात. तोपर्यंत दिवे बिल्डरचे. काही ठिकाणी यात वर्षानुवर्षं जातात आणि लोक बिचारे काउन्सिललाच फोन करत बसतात. घर घेताना सॉलिसिटरने दिलेल्या कागदांत ३८ शोधा. सापडलं तर काउंटीला लेखी विचारा की करार कुठल्या टप्प्यावर आहे आणि बिल्डरचा बाँड, म्हणजे हमीची रक्कम, ठेवलाय का, कारण बिल्डरने काम अर्धवट सोडलं तर त्या पैशातून ते करून घेता येतं. सार्वजनिक खर्चाने सांभाळायच्या रस्त्यांची यादी काउंटीला ठेवावीच लागते आणि ती कुणालाही फुकट बघता येते, म्हणजे तुमचा रस्ता त्यात नाही हे आधी पक्कं करा. करारच झाला नसेल तर रस्ता खाजगी, मग इस्टेट सांभाळणारी मॅनेजमेंट कंपनी असेल, तिला वर्षाला पैसे भरता का?

मंदार७८
तरी पण काउन्सिलरला, म्हणजे निवडून आलेल्या सदस्याला, लिहाच. बिल्डर एकट्यादुकट्याला जुमानत नाही, काउंटीच्या काउन्सिलरने विचारलं की उत्तर येतं.

पोळीभाजी
पण त्यांचा भारतीय पासपोर्ट असेल तर काउन्सिलर कशाला लक्ष देईल, मत कुठे आहे?

स्नेहल_नॉर्थ
आहे की! इथे कायदेशीर राहणाऱ्या कॉमनवेल्थच्या नागरिकांना मत देता येतं, भारतीय त्यात येतात. मी व्हिसावर असल्यापासून देतेय. ऋतुजा, मतदार यादीत नाव घातलं नसेल तर आधी घाल, आणि मत नसलं तरी रहिवासी म्हणून लिहायचा हक्क आहेच.

ऋतुजा_यूके
कागद काढले. ३८ आहे!! करार २०१९ चा, त्यात दिव्यांचा नकाशा पण आहे, चारही त्यात आहेत. मॅनेजमेंट कंपनीला भरतो पण ते फक्त हिरवळ आणि खेळायच्या जागेचे. बिल्डरला आणि काउंटीला मेल लिहितेय, शेजारच्या सहा घरांच्या सह्या घेऊन. देवेनदादा, बाँडची रक्कम विचारायची की नुसतं आहे का एवढंच?

देवेन_सॉलिहल
दोन्ही विचारा. आणि दुरुस्ती कधी करणार त्याची तारीख मागा, नुसतं लवकर करू चालणार नाही.

टायरवाला
नवीन इस्टेटमध्ये मॅनहोलची झाकणं पण रस्त्याच्या वर आलेली असतात, टायर जपा.